ब्लॉक नंतर, स्क्रीनशॉट आधी

इन्स्टावर कुणी घाणेरडी कमेंट टाकली की पोरं चिडून आधी डिलीट करतात, मग ब्लॉक. तक्रार करायची वेळ आली की हातात काहीच नसतं. भाचीच्या वेळी आमचं असंच झालं.

१. उत्तर देऊ नका. स्क्रीनशॉट काढा, युजरनेम आणि तारीख-वेळ दिसलीच पाहिजे.
२. प्रोफाइलची लिंक कॉपी करून ठेवा. डीपी काय, पाच मिनिटांत बदलतो.
३. मग रिपोर्ट, शेवटी ब्लॉक.

त्रास देणारा वर्गातलाच असेल तर ‘रिस्ट्रिक्ट’ बरं. त्याला पत्ता लागत नाही, आणि त्याची नवी कमेंट त्याच्यापुरतीच राहते.

फोटो अश्लील असेल तर मात्र पुरावा म्हणूनही कुणाला फॉरवर्ड करू नका. थेट सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इनवर तक्रार करा, किंवा १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन लावा.