जुनं मोटरहोम घेताना: आधी कागद, मग काटा, मग करंट

मोटरहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, बघायला जाताना बहुतेक जण ओळखीचा मेकॅनिक बरोबर नेतात. इंजिन, क्लच, सस्पेन्शन तो नीट बघेलच. पण पैसे बुडतात ते मागच्या घरात: छत, वायरिंग, पाणी आणि गॅस. हे सगळं चालवून बघायला अख्खा दिवस लागतो. विकणारा तेवढा वेळ देत नसेल तर गाडी सोडून द्या.

सुरुवात आरसीपासून. वाहनाचा वर्ग मोटर कॅराव्हॅन किंवा कॅम्पर व्हॅन असा नोंदलेला हवा. ट्रॅव्हलरसारख्या मिनीबसच्या सीटा काढून आत बेड आणि ओटा ठोकलेल्या गाड्या स्वस्तात मिळतात, पण मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदीपेक्षा वेगळा बदल मंजुरीशिवाय करता येत नाही. कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानकच आहे. आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात फॅब्रिकेशन झकास होईल, कागद मात्र तिथं होत नाही, आणि अपघात झाला की विम्याचा क्लेम इथंच अडकतो. दुसऱ्या आरटीओची गाडी एमएच-०९ ला, म्हणजे कोल्हापूरला आणायची तर फॉर्म २८ ची एनओसी आणि हस्तांतराचे २९ व ३० लागतात. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ देऊन तो उतरेपर्यंत टोकनही देऊ नका.

मग गाडी वजनकाट्यावर घाला. शिरोली, गोकुळ शिरगाव भागात काटा शोधावा लागत नाही. पाण्याची टाकी आणि डिझेल फुल्ल करून आधी फक्त पुढची चाकं चढवा, मग पूर्ण गाडी. दोन आकड्यांतला फरक म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलवरचा भार. आरसीवरच्या ग्रॉस (भरलेल्या गाडीच्या कमाल) वजनातून पूर्ण वजन वजा केलं की माणसं आणि सामानासाठी किती उरतं ते कळतं. चार माणसं, गाद्या, भांडी, सिलिंडर मिळून ४०० किलो सहज होतात. तेवढी जागा नसेल तर करूळ घाट उतरताना ब्रेक तापून पेडल मऊ पडायचा धोका आहे. टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडेही वाचा: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी चांगली दिसली तरी सहा-सात वर्षांचा टायर बदलायच्या हिशेबातच धरा.

छत बघायला जुलै-ऑगस्टसारखे महिने नाहीत. गगनबावड्याच्या पावसात उभी केलेली गाडी काहीच लपवू शकत नाही. उन्हाळ्यात घेत असाल तर पाइपनं छतावर वीस मिनिटं पाणी सोडा, विशेषतः स्कायलाइट, एसी आणि सोलरच्या स्क्रूंवर. मग वरच्या कपाटांच्या कोपऱ्यात हात घालून प्लाय अंगठ्यानं दाबा. मऊ लागला तर आतलं लाकूड कुजलंय, वरून सिलंट मारून भागत नाही. एकाच ठिकाणी ताज्या सिलिकॉनचा जाड थर दिसला तर तिथं आतून दुप्पट वेळ द्या.

आता करंट, आणि इथं घाई नको. गाडीत दोन बॅटऱ्या असतात: एक इंजिन सुरू करायला, दुसरी घरासाठी. घरच्या बॅटरीला मीटर लावा. लेड-अ‍ॅसिड असेल तर विश्रांतीनंतर १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी. लिथियममध्ये व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळपास हलतच नाही, म्हणून तिला शंट (आत-बाहेर जाणारा करंट मोजणारा तुकडा) लावलेला मॉनिटर हवाच. इंजिन चालू केल्यावर काही मिनिटांत घरच्या बॅटरीवरचा आकडा चढला पाहिजे. चढला नाही तर रिले (दोन बॅटऱ्या जोडणारा आपोआप चालणारा स्विच), फ्यूज किंवा डीसी-डीसी चार्जर (गाडी चालताना घरची बॅटरी बेतानं भरणारा) यांपैकी काहीतरी गेलंय. लिथियम थेट अल्टरनेटरला (इंजिनवर वीज तयार करणाऱ्या यंत्राला) जोडलेली असेल तर व्यवहार तिथंच थांबवा. ती इतका करंट ओढते की अल्टरनेटर तापून जळू शकतो. ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर मधे असला की कोल्हापूर ते रत्नागिरीच्या साडेतीन तासांत १०० एएचच्या (अँपिअर-तासांच्या) आसपास भर पडते.

खर्चाचा हिशेब असा. ४५ वॅटचा कॉम्प्रेसर फ्रिज निम्मा वेळ चालला तर दिवसाला ५४० वॅट-तास. पंखा रात्रभर २०० आणि दिवे, पंप, मोबाइल मिळून १५० धरा. म्हणजे ९०० च्या घरात. २०० एएच लिथियममध्ये सुमारे २,५०० वॅट-तास असतात, दोन दिवस निभतात. इंडक्शन मात्र हा हिशेब मोडतो: १,५०० वॅटला १२ व्होल्टवर १२५ अँपिअरहून जास्त करंट लागतो. इन्व्हर्टरवर हजार वॅटची केटली पाच मिनिटं चालवा आणि बॅटरीच्या टोकांवर व इन्व्हर्टरच्या टोकांवर व्होल्टेज मोजा. फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त असेल तर केबल बारीक आहे किंवा लग (केबलच्या टोकाची धातूची कडी) ढिला आहे. केटली बंद करून लगच्या इन्सुलेशनजवळ हात न्या. तिथं ऊब लागली तर आग लागण्याची जागा सापडली असं समजा. मुख्य फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात हवा. बाहेरून २३० व्होल्ट घ्यायच्या लाइनवर ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) असावी. तिचं टेस्ट बटण दाबून ती पडते का बघा.

पाण्याचा पंप दाबावर चालतो: नळ उघडला की सुरू, बंद केला की थांबला. सगळे नळ बंद असताना मधूनच टकटक करत असेल तर कुठंतरी गळतंय किंवा पंपाचा व्हॉल्व्ह दाब धरत नाही. सतत चालतोय आणि नळातून हवाच येतेय, तर टाकी रिकामी आहे किंवा ओढीच्या बाजूच्या जोडातून हवा घुसतेय. पंपाआधीची जाळी काढून धुवा, निम्म्या तक्रारी तिथंच मिटतात.

एलपीजी हवेपेक्षा जड. म्हणून सिलिंडरचा कप्पा आतल्या बाजूनं पूर्ण बंद आणि त्याच्या तळाला बाहेर उघडणारं भोक हवं. ते अनेकदा धूळ येते म्हणून बुजवलेलं असतं, मोकळं करा. जोडांवर साबणाचं पाणी लावा, काडी कधीच नाही. रबरी नळीवरची तारीख बघून पाच वर्षांत ती बदला.

घेतल्यावर पहिली रात्र घरासमोरच काढा, बाहेरची वीज न जोडता. दुसरी पन्हाळ्यावर, म्हणजे काही विसरलं तर घर वीस किलोमीटरवर. राधानगरी-दाजीपूर त्यानंतर. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाक्या रिकाम्या करा, फ्रिजचं दार फटीनं उघडं ठेवा आणि सिलिंडर बंद करा. लेड-अ‍ॅसिड पूर्ण भरून ठेवा, लिथियम निम्म्यावर, आणि दोन्हींचा मुख्य स्विच बंद करा.