अपुऱ्या दिवसांच्या बाळाची हाडं: ‘कॅल्शियम नॉर्मल’ वाचून निर्धास्त होऊ नका

सातव्या महिन्यातच जन्मलेल्या बाळाचा रक्ताचा रिपोर्ट हातात आला की घरच्यांची नजर आधी कॅल्शियमवर जाते. तो आकडा बरोबर दिसला की सगळे सुस्कारा सोडतात. गफलत होते ती इथेच.

पोटात असताना बाळाच्या हाडांत भरणाऱ्या कॅल्शियम-फॉस्फरसपैकी जवळपास ८० टक्के शेवटच्या तीन महिन्यांत भरतं. २७-२८ आठवड्यांनी जन्मलेल्या बाळाची ही पुंजी जमायची राहूनच जाते. मग रक्तातलं कॅल्शियम घसरू लागलं की मानेतल्या इवल्याशा ग्रंथी पॅराथायरॉइड हार्मोन, म्हणजे पीटीएच, सोडतात. ते हाडांतलं कॅल्शियम उपसून रक्तात आणतं. आकडा नॉर्मल राहतो, हाड मात्र विरळ होत जातं.

म्हणून फॉस्फरस आणि अल्कलाइन फॉस्फेटेज (हाडांवर ताण आला की रक्तात वाढणारं एक एन्झाइम) किती आलं ते विचारा. दीड किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांत या तपासण्या साधारण चौथ्या ते सहाव्या आठवड्यात सुरू होतात. अल्कलाइन फॉस्फेटेज ८००-१००० (युनिट प्रति लिटर) च्या वर गेलं किंवा फॉस्फरस ४ (मिग्रॅ प्रति डेसिलिटर) च्या खालीच राहिला, तर पुढचा तपास हवा. एक्स-रे साफ आला म्हणूनही विषय संपत नाही, कारण हाडातलं २० ते ४० टक्के खनिज जाईपर्यंत त्यात काही दिसत नाही.

फॉस्फरस कमी दिसला की नुसतं फॉस्फेट देत सुटणं ही दुसरी चूक. पीटीएच वाढलेलं असेल तर मूळ कमतरता बहुधा कॅल्शियमची असते. अशा वेळी एकट्या फॉस्फेटने कॅल्शियम आणखी घसरतं आणि पीटीएच आणखी चढतं. पीटीएच कमी किंवा नॉर्मल असेल तर फॉस्फरसच कमी पडतोय असं समजतात. त्यामुळे उरलेलं जुनं औषध स्वतःहून पुन्हा सुरू करू नका. कॅल्शियम आणि फॉस्फेट अशी दोन्ही औषधं लिहून दिली असतील तर एकाच दुधात मिसळू नका, साका बसतो. वेगवेगळ्या फीडला द्या.

आईचं दूध सर्वांत उत्तम, पण इतक्या लहान बाळाच्या हाडांना त्यातला फॉस्फरस पुरत नाही. म्हणून डॉक्टर त्यात एचएमएफची (ह्यूमन मिल्क फोर्टिफायर, म्हणजे आईच्या दुधाला जास्तीचं पोषण जोडणारी) पावडर घालायला सांगतात. ‘बाळ आता पितंय छान’ म्हणून ती परस्पर बंद करू नका.

व्हिटॅमिन डीची बाटली बदलली की लेबल वाचाच. एका ब्रँडच्या १ मिलीत ४०० युनिट असतात, दुसऱ्याच्या तेवढ्याच ड्रॉपरमध्ये ८००. मोठ्यांचं ६०,००० युनिटचं पाकीट बाळासाठी नव्हेच. कोवळ्या उन्हातून कॅल्शियम-फॉस्फरस मिळत नाही, हेही आजीला प्रेमाने सांगा.

आता मालीश. आपल्याकडे न्हाऊ घालणाऱ्या बाई बाळाचे पाय ताणतात, हात छातीवर ओढून आडवे करतात, घोट्याला धरून उलटं करतात. विरळ हाडाला हे सोसत नाही; मांडीचं हाड किंवा बरगडी मोडू शकते. डॉक्टर हो म्हणेपर्यंत हे सगळं थांबवा. बाई दुखावल्या तरी चालेल. लंगोट बदलतानाही दोन्ही घोटे धरून उचलू नका; ढुंगणाखाली हात घालून उचला. हलका हात आणि छातीशी धरलेली कांगारू केअर चालते.

बाळ एक हात किंवा पाय हलवत नसेल, उचललं की कळवळून रडत असेल किंवा कुठे सूज दिसली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.