टोमाहॉक घडवताना: पोलादी धार आणि सजवलेला दांडा

टोमाहॉक ही उत्तर अमेरिकेतली हलकी कुऱ्हाड. 18व्या शतकात तिथले मूळ रहिवासी आणि युरोपीय वसाहतकार दोघेही ती वापरत. अंग मऊ लोखंडाचे आणि धारेपुरते पोलाद, अशी तिची जुनी घडण.

6 मिमी जाड, 40 मिमी रुंद, 220 मिमी लांब माइल्ड स्टीलची पट्टी घ्या. धारेसाठी ट्रकच्या कमानपाट्याचा 40 मिमीचा चौकोनी तुकडा, 5 मिमी जाड, एका कडेला पाचरीसारखा निमुळता केलेला. जस्त चढवलेली पट्टी चालणार नाही. तिचा धूर विषारी असतो. डोळ्यांना चष्मा हवाच.

पट्टीचा मधला 90 मिमी भाग किंचित पातळ करून थेंबाच्या आकाराच्या निमुळत्या सुंभ्याभोवती (भोकाला आकार देणाऱ्या पोलादी खुंटाभोवती) दुमडा. हा झाला तुंबा, म्हणजे दांडा बसायचे भोक.

खरी परीक्षा तापवून, ठोकून जोडायच्या सांध्याची. पट्टीच्या समोरासमोर आलेल्या दोन्ही पाकळ्या लाल असतानाच आतून टाकणखार (बोरॅक्स) पेरा, उजळ पिवळ्या होईपर्यंत तापवा आणि तुंब्याला लागून पहिले घाव घाला: हलके, पण भराभर. धारेकडून सुरुवात केली तर वितळलेला मळ आत कोंडतो आणि सांधा पुढे उकलतो. धारेकडचे तोंड मात्र उघडे ठेवा. त्यात पोलाद बसवून, पुन्हा टाकणखार टाकून जोडा. पोलाद मऊ लोखंडाआधी जळते, त्यामुळे ठिणग्या दिसायच्या आत बाहेर काढा. मग सुंभा वरून ठोकून तुंबा नीट करा. तुंब्याचे वरचे तोंड खालच्यापेक्षा मोठे हवे.

कानशीने आकार दिल्यावर धार चुंबकाला चिकटेनाशी होईपर्यंत, आणि त्याहून थोडीच जास्त, तापवून साधारण 55 अंशांच्या तेलात बुडवा. पाण्यात तडा जाण्याचा धोका आहे. कानस धारेवरून घसरली, तर पाणी नीट चढले, म्हणजे धार कठीण झाली. लगेच 200 ते 220 अंशांवर एकेक तास दोनदा भाजा, नाहीतर धारेचे टवके उडतील.

दांडा हिकरी किंवा अ‍ॅश लाकडाचा, 48 सेंमी, लाकडाचे रेषे सरळ लांबीने धावणारे. तो आपल्या टिकावासारखा वरून घालतात, पाचर लागत नाही. फेकताना डोके सैल न होता उलट अधिकच घट्ट बसते. रंगासाठी आधी कडक चहा, मग लोखंडाचा कीस दोन दिवस भिजवलेले व्हिनेगर लावा. लाकूड करडे-काळे होते. वाळल्यावर जवसाचे तेल चोळा. तेलाची फडकी पसरून वाळवा, गोळा करून ठेवली तर आपोआप पेटतात. पितळी डोक्याचे खिळे शेवटी, आधी बारीक भोक पाडूनच ठोका. भोकाविना रेषा फाटते, आणि आधी ठोकले तर व्हिनेगरने पितळ डागाळते.