वाफसा येऊ द्या, मगच खत सोडा

परतीच्या पावसानंतर सांगोला, मंगळवेढा, मोहोळकडच्या काळ्या रानात दरवर्षी एक विचित्र गोष्ट दिसते. डाळिंबाचं झाड पाण्यात उभं असतं आणि पानं मात्र तहानल्यासारखी मान टाकतात. बाग पिवळी पडली की हात आधी खताच्या पोत्याकडे जातो. ड्रिपमधून १२:६१:० नाहीतर १३:०:४५ असं विद्राव्य खत सुटतं. वाफसा, म्हणजे जमिनीत ओल आणि हवा दोन्ही खेळती असण्याची स्थिती, येईपर्यंत तो हात आवरा.

मुळीच्या प्रत्येक पेशीभोवती मेदाचं पातळ आवरण असतं. नायट्रेट (नत्राचं रूप), पालाश (पोटॅशियम), लोह त्यातून आपोआप शिरत नाहीत. त्यांच्यासाठी आवरणात प्रथिनांची दारं असतात, आणि ज्याचं त्याचं दार वेगळं. पाण्याच्या दाराला अ‍ॅक्वापोरिन म्हणतात. त्याच्या शोधासाठी पीटर अ‍ॅग्रे यांना २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. दुसरे मानकरी रॉडरिक मॅकिनन, त्यांनी पालाशच्या दाराची रचना उलगडली होती.

दार असलं म्हणजे माल आत आला असं नाही. पेशीच्या आत ऋण भार, नायट्रेटवरही ऋण भार. म्हणजे भरली बैलगाडी चढावर न्यायची. त्यासाठी पेशी एक पंप चालवते, तोही प्रथिनाचाच. एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, खर्चून तो हायड्रोजन आयन बाहेर फेकतो, आणि ते परत आत शिरताना नायट्रेटला सोबत घेऊन येतात. पालाश आत ओढला जातो तोही बराचसा या पंपाच्या जोरावर.

आता रानात पाणी साचलं की मातीतली हवा जाते. हवा असताना साखरेच्या एका रेणूतून पेशीला ३० च्या आसपास एटीपी मिळतात, हवेविना अवघे २. मोटार आहे, पाइपलाइन आहे, पण लाईटच गेली, असा प्रकार. त्यातच पेशीत आम्लता वाढते आणि अ‍ॅक्वापोरिन मिटतात. पाण्यातलं झाड सुकतं ते यामुळे. आणि अशा वेळी दिलेलं नायट्रेट? जिवाणू त्याचा वायू करून हवेत सोडतात. पैसे वाऱ्यावर.

तेव्हा आधी ओळींमधून चर काढून पाणी बाहेर काढा, ड्रिप बंद ठेवा. वीतभर खालची माती मुठीत दाबा. गोळा होऊन, खाली टाकल्यावर फुटला तर वाफसा आला. तरीही घाई नको. ड्रिपरखाली उकरून पांढरी मुळी चालू झालेली दिसली की मग विद्राव्य खत एकदम न देता थोडं-थोडं सोडा. मुळ्या तपकिरी, मऊ असतील तर अजून थांबा. वाफसा येऊनही एखादी फांदी किंवा अख्खं झाड वाळतच राहिलं, तर तो मर रोग असू शकतो. खोडाच्या आडव्या कापात काळपट डाग दिसला तर सोलापूरजवळ केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राला किंवा कृषी विज्ञान केंद्राला नमुना दाखवा. मर रोगावर खत काही कामाचं नाही.

चुनखडीच्या रानाचं दुखणं थोडं निराळं. कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा, हे लोहाचं लक्षण. जमिनीत लोह भरपूर असतं, पण डाळिंबाची मुळी आम्ल सोडून, त्याचं रूप बदलून मगच ते आत घेते. चुनखडीतला बायकार्बोनेट ते आम्ल तिथल्या तिथे मारून टाकतो, आणि ओलीत तो आणखी वाढतो. ज्वारीची रीत दुसरी: तिची मुळी लोहाला धरून ठेवणारा पदार्थ सोडते आणि सगळी जोडी वेगळ्या दाराने आत ओढते. म्हणून डाळिंबावर ज्वारीचा अंदाज लावू नका. चुनखडीत साधं फेरस सल्फेट टाकलं तर ते लवकर अडकून बसतं. जमिनीतून द्यायचं तर ईडीडीएचए रूपातलं, म्हणजे चुनखडीत अडकू न देणाऱ्या पदार्थाशी बांधलेलं (चिलेटेड) लोह घ्या. फवारणी करायची असेल तर लेबलवरच्या मात्रेनं, उन्हं उतरल्यावर, आणि आधी दोन-चार झाडांवर करून बघा.