कॅसिनोत जिंकलात? टिप आणि कराचा हिशेब असा लावा

महाराष्ट्राने १९७६ मध्ये कॅसिनोंना परवानगी देणारा कायदा केला, कधी अंमलात आणला नाही आणि २०२३ मध्ये रद्दही करून टाकला. त्यामुळे आपली मंडळी पणजीला, मांडवी नदीतल्या कॅसिनोंच्या बोटींवर जातात. तिथे जिंकलात तर पुढचं असं करा.

१. टिप चिपनेच (कॅसिनोत पैशांऐवजी वापरायच्या टोकनने) द्या. डीलरच्या, म्हणजे टेबलावर डाव चालवणाऱ्या कर्मचाऱ्याच्या, हातात नोट कोंबू नका, वर कॅमेरे असतात आणि गोत्यात तो येतो. डाव संपला की चिप पैजेच्या चौकटीबाहेर, डीलरच्या बाजूला सरकवा आणि ‘टिप’ असं स्पष्ट म्हणा. नाहीतर ती पुढच्या डावाची पैज समजली जाईल. डीलर ती चिप टेबलावर टकटक वाजवून टिपच्या डब्यात टाकतो. हे वाजवणं तुमच्यासाठी नसतं, कॅमेऱ्यासाठी असतं. किती द्यायची याला नियम नाही. हरत असाल तर एक रुपयाही देऊ नका, कोणी वाईट मानत नाही.

२. टिपेआधी कर मोजा. समजा, स्लॉट मशीनवर ४०,००० रुपयांचा जॅकपॉट लागला. एका वेळची जिंकलेली रक्कम १०,००० च्या वर गेली की ३० टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा कर), म्हणजे इथे १२,००० कापले जातात. हातात येतात २८,०००. त्यातले हजार डीलरला दिलेत तरी कर पूर्ण ४०,००० वरच. त्याच रात्री रुलेटवर २५,००० घालवलेत? तेही वजा होत नाहीत. बोटीचं तिकीट, हॉटेल, काहीच नाही. मला हा नियम जाचक वाटतो, पण आहे तो असा आहे.

३. पॅन द्या, टीडीएसचं प्रमाणपत्र मागून घ्या. नंतर आयकर खात्याकडच्या तुमच्या कापलेल्या कराच्या तपशिलात (फॉर्म २६एएस) नोंद आली का, तेही बघा.

४. आयकर रिटर्न भरताना आयटीआर-१ हा साधा फॉर्म चालत नाही. नोकरदारांनी आयटीआर-२ घ्यावा आणि ही रक्कम ‘इतर स्रोतांतून उत्पन्न’मध्ये दाखवावी. टीडीएस कापला नसेल तरीही. वर कराच्या रकमेवर ४ टक्के सेस (उपकर) लागतो, म्हणजे वरच्या उदाहरणात आणखी ४८० रुपये. कर वाचवण्यासाठी केलेली ८०सीची गुंतवणूक इथे उपयोगाची नाही.

५. बक्षीस वस्तूचं असेल तर कर भरल्याशिवाय ते ताब्यात मिळत नाही. दहा लाखांची गाडी लागली, तर आधी तीन लाखांची सोय करा.