अपठित इंग्रजी उतारा कसा वाचावा

दहावीच्या सरावात इंग्रजीचा अपठित उतारा समोर आला की बरीच मुलं पहिल्या अडलेल्या शब्दापाशीच थांबतात. तसं करू नका. 150 ते 200 शब्दांचा उतारा घ्या. आधी प्रश्न वाचा, मग डिक्शनरी बंद ठेवून उतारा एका दमात. अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारा आणि पुढे चला. दुसऱ्या वाचनात त्यातले काही संदर्भानेच उलगडतात. प्रत्येक ओळीत दोन-तीन शब्द अडत असतील, तर सरळ सोपा उतारा निवडा.

खरी गफलत लांब वाक्यात होते. ‘द बॉय हू सोल्ड मी द काइट लिव्हज निअर द टेम्पल.’ देवळाजवळ कोण राहतं? ‘काइट’ आणि ‘लिव्हज’ शेजारी आले, म्हणून घाईत तेच जोडले जातात. मधे ‘हू’चं पोटवाक्य घुसल्याने खरा कर्ता लांब राहिलाय. ‘हू’पासून ‘काइट’पर्यंत पेन्सिलीने कंस करा आणि उरलेलं वाचा: ‘द बॉय लिव्हज निअर द टेम्पल.’ रोज अशी दोन-तीन वाक्यं सोडवाच.

उत्तर लिहिलं की ते उताऱ्यातल्या कुठल्या ओळीतून आलं, त्यावर बोट ठेवून बघा. डिक्शनरी सगळ्यात शेवटी उघडा, आणि वहीत सुटा शब्द नको, अख्खं वाक्य उतरवा.