शेवटचे दहा अंक वाच

पायचे (π) एक लाख अंक स्क्रीनवर आले. पहिले शंभर पुस्तकातल्या अंकांशी जुळले. गणिताच्या शेवटच्या दोन फेऱ्यांची उत्तरं एकमेकांशी तंतोतंत जुळली. यातली एकही गोष्ट उत्तर बरोबर असल्याचा पुरावा नाही, आणि हे मला शेवटच्या सेमिस्टरच्या व्हायवामध्ये कळलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी प्रोजेक्टचा रिपोर्ट मिटला आणि म्हणाले, "शेवटचे दहा अंक वाच." मी वाचले. त्यांनी आपल्या लॅपटॉपवर बघितलं आणि मान हलवली. एकही अंक जुळत नव्हता. माझे पहिले साधारण हजार अंक बरोबर होते, पुढचे नव्व्याण्णव हजार निव्वळ कचरा.

मी खानापूर तालुक्यातली. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग बेळगावात इंजिनिअरिंग. आमच्या भागातली जी मुलं-मुली आता या विषयाकडे वळतायत, म्हणजे स्थिरांक आणि लॉग, साइन, घातांकी अशी फलनं हजारो अंकांपर्यंत झटपट कशी काढायची याकडे, त्यांच्यासाठी हे लिहितेय. श्रेणी, लूप, लॉगॅरिदम तुम्हाला येतात असं धरून चालते.

शिकण्याचा क्रम थोडक्यात सांगते, कारण तो कुठंही मिळेल. आधी मोठ्या संख्यांचा गुणाकार. १९६० मध्ये अनातोली कारात्सुबा या तेवीस वर्षांच्या मुलानं दाखवलं की शाळेतल्या गुणाकारापेक्षा कमी कामात भागतं: अर्ध्या लांबीच्या संख्यांचे चारऐवजी तीन गुणाकार पुरतात. १९७१ मध्ये शोनहागे आणि स्ट्रासेन यांची पद्धत आली. बाकी सगळं या गुणाकारावर उभं आहे. भागाकार आणि वर्गमूळसुद्धा न्यूटनच्या पद्धतीनं, म्हणजे एक अंदाज दर फेरीला सुधारत नेऊन, गुणाकारातच बसवतात. कारात्सुबा एकदा तरी स्वतःच्या हातानं लिहा. त्यानंतर खुशाल जीएमपी ही मोठ्या संख्यांची तयार लायब्ररी वापरा, त्यात कमीपणा नाही. पण ज्यानं एकदाही स्वतः लिहिलं नाही त्याला पुढं चूक कुठं शोधायची हेच कळत नाही, हे माझं ठाम मत आहे.

मग श्रेणी. माधवाची श्रेणी (१ वजा तृतीयांश अधिक पंचमांश…) सुंदर आहे, पण नुसती बेरीज करत बसलात तर आयुष्य जाईल. तिच्यातून पायचा चौथा हिस्सा मिळतो. तिची पाच लाख पदं घेऊन बेरजेला चारानं गुणलं की उत्तर येतं ३.१४१५९०६५३५८९७९३२४०… सहावा दशांश चुकलाय, तिथं २ हवा होता. पण त्याच्यापुढचे सलग दहा अंक पुन्हा बरोबर आहेत! नुसतं डोळ्यांनी जुळवून बघण्यावर विश्वास ठेवू नका, असं मी म्हणते ते यासाठीच. १७०६ मध्ये मॅचिननं दोन आर्कटॅन्जंट वापरून शंभर अंक काढले. चुडनोव्हस्की बंधूंच्या १९८८ च्या सूत्रात प्रत्येक पदामागं चौदाहून थोडे जास्त अंक मिळतात, म्हणजे दहा लाख अंकांना साधारण ७०,५०० पदं. ही पदं एकेक करून मिळवायची नसतात. श्रेणीचे मधोमध दोन भाग, त्यांचे पुन्हा दोन, असं करत अंश आणि छेद पूर्णांकातच ठेवायचे आणि भागाकार एकदाच, अगदी शेवटी. याला बायनरी स्प्लिटिंग म्हणतात. फायदा असा की दोन सारख्या लांबीच्या मोठ्या संख्यांचा गुणाकार होतो, आणि जलद गुणाकाराचा जोर तिथंच लागतो.

इथपर्यंत मेहनत लागते, पण धोका फारसा नाही. पूर्णांकात काही सांडत नाही. धोका पुढं आहे, एजीएममध्ये, आणि तिथं मी तुम्हाला जरा जास्त वेळ थांबवणार आहे.

एजीएम (अ‍ॅरिथमेटिक-जॉमेट्रिक मीन) म्हणजे दोन संख्या घ्यायच्या, त्यांची सरासरी एकीकडं, त्यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ दुसरीकडं, आणि मिळालेल्या जोडीवर पुन्हा तेच. गाउसला हे माहीत होतं. १९७६ मध्ये यूजीन सलामिन आणि रिचर्ड ब्रेंट यांनी स्वतंत्रपणे त्यावरून पाय काढायची पद्धत दिली. सुरुवात १ आणि १ भागिले वर्गमूळ २ यांनी. पहिल्या फेरीनंतर ३.१४०५, दुसरीनंतर ३.१४१५९२६४, तिसरीनंतर अठरा दशांश बरोबर. दर फेरीला अंक दुप्पट. दहा लाख अंकांना एकोणीस-वीस फेऱ्या बास. पहिल्यांदा बघताना माझ्या अंगावर काटा आला होता.

न्यूटनच्या पद्धतीतही दर फेरीला अंक दुप्पट होतात. तिथं सगळे एक युक्ती वापरतात: सुरुवातीच्या फेऱ्या कमी अंकांत करायच्या, अचूकता हळूहळू वाढवत न्यायची, पूर्ण लांबीचा खर्च फक्त शेवटच्या फेरीला. मी तेच एजीएमला लावलं. पहिल्या फेरीला हजार अंक, दुसरीला दोन हजार, तिसरीला चार हजार, असं करत आठव्या फेरीला लाखाच्या वर. वेळ वाचला, आणि माझ्या गाइडनी त्याचं कौतुकही केलं.

आता कॅल्क्युलेटर घ्या आणि माझ्याबरोबर करा. वर्गमूळ २ काढायचंय, न्यूटननं. अंदाज १.४. नवा अंदाज म्हणजे १.४ आणि २ भागिले १.४ यांची सरासरी, १.४१४२८५७. समजा तुम्ही हा आकडा निष्काळजीपणे १.४१ असाच उतरवला. बिघडत नाही. पुढच्या फेरीला १.४१४२१९८ येतं, त्याच्या पुढच्या फेरीला दहा दशांश बरोबर. चूक गिळली गेली.

आता एजीएम. पहिल्या फेरीत सरासरी ०.८५३५५३, वर्गमूळ ०.८४०८९६. या दुसऱ्या आकड्याऐवजी ०.८४ उतरवा आणि पुढं सगळं अगदी काटेकोर, हव्या तेवढ्या अंकांत करा. दोन्ही संख्या झपाट्यानं जवळ येतात, अंक स्थिरावतात, सगळं छान दिसतं. उत्तर येतं ३.१३८४. पुढं शंभर फेऱ्या केल्या तरी ३.१३८४.

फरक कशामुळं? हे मला तीन आठवडे कळलं नाही. मी गुणाकाराचा कोड दोनदा नव्यानं लिहिला, कारण संशय त्याच्यावर होता. उलगडा झाला तो उद्यमबागेत. बाबा तिथं लेथवर आहेत. दुपारी डबा घेऊन गेले होते, ते एक शाफ्ट लावून रफ कट मारत होते. मी गप्प उभी असलेली बघून म्हणाले, "काय ग, अजून त्याचंच टेन्शन घ्यायलीस?" मी जमेल तसं सांगितलं. मशीन बंद करून त्यांनी मायक्रोमीटर लावला, मला आकडा दाखवला आणि म्हणाले, "फिनिशिंगला माल ठेवावा लागतो बघ. रफिंगलाच जास्त कापलं की पुढं कितीही गुळगुळीत फिनिश मार, जॉब अंडरसाइजच. कापलेलं परत लावता येत नाही."

न्यूटनमध्ये दर फेरीला मूळ ड्रॉइंग पुन्हा उघडलं जातं. तो २ दर वेळी सूत्रात येतो आणि विचारतो, अजून किती कमी? एजीएममध्ये ड्रॉइंग फक्त सुरुवातीला बघितलं जातं. त्यानंतर मूळ प्रश्नाची आठवण त्या दोन संख्यांतच असते. ती आठवण हजाराव्या अंकावर पुसली की पुढच्या फेऱ्या एका वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर अतिशय अचूक काढतात. म्हणून एजीएमच्या सगळ्या फेऱ्या, अगदी पहिलीसुद्धा, पूर्ण लांबीत आणि वर काही जादा अंक घेऊनच करायच्या. यात सवलत नाही. कोणी सांगितलं तरी करू नका.

कुठलीही पद्धत हातात आली की गती बघायच्या आधी हे विचारा: मधल्या पायरीवर चूक झाली तर ही पद्धत ती भरून काढते की जपून ठेवते?

फलनांमध्ये हाच सापळा वेगळ्या रूपात येतो. ईचा (e, २.७१८…) वजा वीसावा घात साध्या श्रेणीनं, कॉम्प्युटरच्या नेहमीच्या डबल प्रिसिजनमध्ये काढून बघा. मधली पदं फुगत ४ कोटी ३१ लाखांपर्यंत जातात, आणि एकमेकांना खोडत खाली येतात. डबलमध्ये साधारण सोळा अंक मावतात. त्यातले आठ दशांश चिन्हाच्या डावीकडं गेले, उजवीकडं भरवशाचे उरले आठ. खरं उत्तर आहे ०.००००००००२०६, म्हणजे सुरूच नवव्या घरात होतं. एकही अंक हाती लागत नाही. उपाय सोपा आहे: वजा वीस म्हणजे वजा २९ गुणिले लॉग २ (ई पायाचा), अधिक सुमारे ०.१०१२७. २ चा वजा २९ वा घात बाजूला ठेवायचा, ०.१०१२७ ची श्रेणी चार-सहा पदांतच भरपूर अचूक होते. मात्र लॉग २ स्वतः पुरेशा अंकांत हवा. तसंच, घातांक दहा वेळा अर्धा करून शेवटी दहा वेळा वर्ग करणार असाल तर चूक हजार पटीनं वाढते, म्हणजे तीन अंक गेले. ते तीन, आणि वर आणखी काही, आधीच जास्त घ्या. बाबांच्या भाषेत, फिनिशिंगचा माल.

इथं घाबरून जाऊ नका. विल्यम शँक्सनं १८७३ मध्ये हातानं ७०७ अंक जाहीर केले. ५२८ व्या अंकापासून चुकलेले होते, आणि ते उघड व्हायला १९४० चं दशक उजाडावं लागलं. चूक होणं हा या कामाचा भागच आहे. न तपासणं मात्र चालत नाही.

तपासायचं कसं, तर दोन वेगळ्या मुळांच्या सूत्रांनी. चुडनोव्हस्की आणि एजीएम दोन्हीनं काढा आणि शेवटचे अंक जुळवा, जादा घेतलेले सोडून. एकच सूत्र दोनदा चालवणं म्हणजे तपासणी नाही. मोठे विक्रम करणारे १९९५ मध्ये सापडलेल्या बीबीपी सूत्रानं मधले अंक न काढता थेट शेवटचे सोळा-आधारी अंक पडताळतात. गुणाकार पडताळायला माझ्या गोकाकच्या रूममेटनं युक्ती सांगितली, अर्धी कन्नडमध्ये, अर्धी हातवारे करून: दोन्ही संख्यांना एखाद्या मोठ्या अविभाज्य संख्येनं भागून बाकी बघायची, बाक्यांचा गुणाकार उत्तराच्या बाकीशी जुळला पाहिजे. माझे आजोबा दुकानाच्या वहीत नऊची बाकी बघायचे ते हेच. खर्च जवळजवळ शून्य.

गाइडबद्दल स्पष्टच लिहिते. जो पहिल्या भेटीत तयार कोड पाठवतो त्याच्यापासून लांब राहा. त्याचा हेतू चांगला असेलही, पण तुमचं शिकणं तिथंच थांबतं. जो "कशाशी ताडून बघितलंस?" असं विचारतो, त्याला सोडू नका, मग तो दुसऱ्या कॉलेजचा असो, कन्नड बोलणारा असो, की वयानं लहान. मला नापासाच्या दारात उभं करणारे ते परीक्षकच नंतर माझे खरे गुरू झाले. मेलला उत्तर द्यायला कधी पंधरा दिवस लावायचे, पण प्रत्येक उत्तरात एक नवा प्रश्न असायचा.

मराठी माध्यमातून आलात म्हणून मागं आहात असं वाटत असेल तर ते मनातून काढा. माझी पहिली दोन वर्षं त्या भीतीत गेली, वर्गात हात वर करायची हिंमत नव्हती. श्रेणी, अभिसरण, शेष हे शब्द तुमच्या डोक्यात आधीच पक्के आहेत. इंग्रजी शब्द त्यांच्यावर चिकटवायला एक सेमिस्टर पुरतं.

नोकरीचं खरं सांगायचं तर पायचे अंक काढायला कोणी पगार देत नाही. पण सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या) मशीनच्या कंट्रोलरमधली साइन-कोसाइन, चिपमधला भागाकार, गणिती लायब्ररीची देखभाल, इथं किती अंक हरवतायत हे मोजता येणारा माणूस लागतो. माझी मुलाखत जवळपास सगळी त्या फसलेल्या प्रोजेक्टवरच झाली. मी काहीही लपवलं नाही.

सुरुवात ईपासून करा. १ भागिले क्रमगुणित अशा पदांची श्रेणी आहे, बायनरी स्प्लिटिंग अर्ध्या पानात बसतं. पायथन चालेल, पण नव्या आवृत्त्यांत ४३०० अंकांहून लांब पूर्णांक छापायला गेलात की एरर येते. ती तुमच्या गणिताची चूक नाही, ती मर्यादा पायथनच्या सिस (sys) मॉड्यूलमधून वाढवता येते. आणि खानापूरकडचे असाल तर पावसाळ्यात मधले अंश-छेद दर काही मिनिटांनी फाइलमध्ये ठेवत जा. जुलैमध्ये आमच्याकडं वीज गेली की कधी येईल सांगता येत नाही, आणि माझ्या जुन्या लॅपटॉपची बॅटरी वीस मिनिटंसुद्धा टिकत नव्हती. दहा हजार अंक झाले की एमपीमॅथ या पायथनच्या तयार लायब्ररीतून तेवढेच काढा, आणि तुलना मागून सुरू करा.